खोटी उसण

पळायचं कसं ते मला आधीच येत होतं. पडायचं कसं, ते सरांनी शिकवलं.

"गुडघा धराचा नाही," सर सांगायचे. "गुडघा सुजला नाही त बाई पकडली जाते. घोट्याचंही तसंच. कंबर धरा. कंबरेतलं कोनालेच दिसत नाही." आणि रडायचं नाही, हेही ते बजावून सांगायचे. खोटं रडणं लांबूनही ओळखू येतं. ओठ दाबायचे, डोळे मिटायचे आणि कोणी विचारलंच तर एकच शब्द बोलायचा.

हे शिक्षण आम्हाला धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत मिळायचं. लाखनीत आमच्या शाळेला मैदान होतं, पण त्यावर क्रिकेटवाल्या पोरांनी ठाण मांडलेलं. म्हणून सरांनी ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून धानाची ही बांधी मागून घेतली होती. कापलेल्या धानाची धसकटं पोटऱ्यांना ओरबाडायची आणि आम्ही पोरी त्या लांबट चेंडूमागे धावायचो. रग्बी हा शब्द आमच्या घरात कोणाच्या तोंडी बसला नाही. आई त्या चेंडूला पपई म्हणायची. संध्याकाळी दारात पाय ठेवला की विचारायची, "झाली का पपई फेकून?"

रग्बीच का, तर कबड्डीला आमच्याकडे गावोगाव संघ आहेत. तिथे जिल्ह्यातून वर निघायचं म्हणजे हाडांचा भुगा. रग्बीला सगळ्या जिल्ह्यात मोजून चार-पाच संघ. जिल्हा जिंकला की विभाग, विभाग जिंकला की राज्य, आणि राज्याला खेळलं की बारावीत खेळाचे गुण. गणित माझ्या उरावर बसलेलं होतं. त्या गुणांशिवाय मी पास होत नव्हते, हे मला, सरांना आणि गणिताच्या मॅडमना, तिघांनाही पक्कं माहीत होतं.

सर वाईट नव्हते. हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन. तासिकांवर लागलेला माणूस, पण दोन पोरींना स्वतःच्या खिशातून बूट घेऊन दिले होते. आदल्या वर्षी त्यांचा संघ शेवटच्या मिनिटाला हरला होता आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली होती. ते म्हणायचे, "आपन नियम नाही मोडत. आपन फक्त थोडं थांबतो." समोरचा संघ अंगावर चालून यायला लागला, आमच्या पोरींचा दम निघाला, की सर रेघेबाहेरून ओरडायचे, "लेस बांध वं!" ते ऐकलं की चेंडूजवळ जी असेल तिने पडायचं. आम्ही या सगळ्याला हसायचो. सरावात तर मी इतकी झकास पडायचे की बाकीच्या टाळ्या वाजवायच्या.

जिल्ह्याचे सामने भंडाऱ्याला एका शाळेच्या मैदानावर होते. आम्ही आदल्या दिवशीच जाऊन वर्गखोल्यांत मुक्काम टाकला होता. सकाळी आम्ही व्हरांड्यात चहा पीत असताना पवनी तालुक्याच्या संघाची एक पोरगी वाकडी होऊन बाहेर आली. थंड फरशीवर झोपून तिच्या कंबरेत उसण भरली होती, सरळ उभं राहवेना. तिच्या मागून दुसरी आली. उंच, काळीसावळी, रुंद खांद्यांची. कोंढ्याची होती, हे मला नंतर कळलं. तिने सतरंजी टाकली, दुखणारीला पालथं झोपवलं, स्वतःचा उजवा पाय पाण्याने धुतला आणि तळवा तिच्या कंबरेला तीनदा लावला. लावला म्हणजे नुसता टेकवला. दाबला नाही, चोळला नाही.

ती पायाळू होती. जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं माणूस. अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुखणाऱ्याने उठायचं आणि मागे वळून न बघता चालायला लागायचं. ती पोरगी उठली आणि मागे न बघता नळाकडे गेली. ते पाहून शाळेचा शिपाई हातातला झाडू टाकून आला.

"बाई, माह्याही कंबरेले लाव वं. चार दिस झाले."

तिने त्याला पाय लावला आणि नंतर लगेच त्याच्यापुढे हात जोडले. वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला होता ना, म्हणून. शिपाई उठला, कंबर ताणून पाहिली आणि झाडू तिथेच विसरून मागे न बघता निघून गेला. आम्ही सगळ्या हसलो. तीही हसली.

पायाळूच्या पायाने उसण जाते की नाही, मला माहीत नाही. मला कोणी पुरावा विचारू नये, मी देणार नाही. शिपाई सरळ चालत गेला, एवढं मी पाहिलं.

अंतिम सामना त्यांच्याशीच पडला. आम्ही सात, त्या सात. दुपारी मुलांचे सामने व्हायचे होते म्हणून घड्याळ कशासाठीही थांबणार नाही, असं पंचांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. सरांनी तेव्हा आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही सरांकडे. वेगळं बोलायची गरज नव्हती.

पहिल्या डावात आम्ही चेंडू त्यांच्या रेघेपलीकडे टेकवला, वर लाथ मारून खांबांमधून घातला. सात गुण. त्यांनीही टेकवला, पण त्यांची लाथ हुकली. पाच. दुसऱ्या डावात ती कोंढ्याची पोरगी चेंडू काखेत मारून आमच्या तिघींना झाडत थेट रेघेपलीकडे गेली आणि चेंडूवर पडली. पंचांनी शिट्टी वाजवली, हात वर केला. त्या जिंकल्यातच जमा होत्या.

ती उठली, पँट झटकली आणि पंचांकडे गेली.

"सर, माह्या हातून निसटला होता. टेकाच्या आधी पुढं सांडला."

चेंडू हातातून पुढे सांडला तर गुण मिळत नाहीत. पंचांना ते दिसलं नव्हतं. आम्हालाही नव्हतं. तिच्या संघातल्या पोरी तिच्या अंगावर ओरडल्या, त्यांचे सर डोक्याला हात लावून खाली बसले. ती म्हणाली, "सांडला त सांडला, मी का करू?" पंचांनी हात खाली घेतला. सात-पाचच राहिले.

मला आनंद झाला. लाज वगैरे काही वाटली नाही, आनंद झाला. असली भोळी माणसं समोर असली म्हणजे जिंकणं सोपं, असं माझ्या मनात आलं. हे लिहिताना माझा मलाच राग येतो आहे, पण आलं होतं खरं.

शेवटची दोन मिनिटं उरली. त्यांनी आम्हाला आमच्याच रेघेपर्यंत रेटत आणलं होतं. आमची एकही पोरगी धड उभी नव्हती. एक गुडघ्यावर हात ठेवून ओकाऱ्या काढत होती, दुसरीच्या तोंडाला फेस. चेंडू त्यांच्याकडे, आणि रेघ माझ्या टाचांमागे हातभर. अजून एक धडक की संपलं. माझे बारावीचे गुण मला त्या चुन्याच्या रेघेपलीकडे लवंडताना दिसत होते.

"लेस बांध वं!" सर ओरडले. "लेस बांध!"

चेंडूजवळ मीच होते. कोणीतरी मला खांदा मारला, लागलंही नाही मला, आणि मी पडले. मुरमावर कुशीवर पडून कंबर धरली, ओठ दाबले. शिट्टी वाजली. पंच धावत आले.

"कुठं लागलं?"

"कंबर."

प्रथमोपचाराची पेटी आली. तिच्यात कापूस, एक औषधाची बाटली आणि पट्टी. कंबरेला यातलं काय लावणार? कोणीतरी बाक आणायला पळालं. डोळे किलकिले करून मी आमच्या पोरींकडे पाहिलं. त्या श्वास घेत होत्या. सगळं सर म्हणाले होते तसंच चाललं होतं. आणि तेवढ्यात माझ्यावर सावली पडली.

"उसण भरली का वं?"

ती होती. माझ्याशेजारी उकिडवी बसली होती. आता काय बोलायचं ते सरांनी शिकवलं नव्हतं. मी मान हलवली.

"सर, मी पायाळू आहो," ती पंचांना म्हणाली. "पाय लावू का?"

पंच म्हणजे शहरातले शिकलेले गृहस्थ, पण भंडाऱ्याचेच. ते दोन क्षण घुटमळले आणि म्हणाले, "लाव."

तिच्या संघातल्या पोरी ओरडायला लागल्या. "अवं सोड ना थिले! टाइम जाऊन राहिला!"

"थांबा वं," ती म्हणाली. "लागलं आहे पोरीले."

ती बुटाची लेस सोडायला लागली. घट्ट गाठ बसली होती. ती दातांनी सोडवत होती आणि वेळ जात होता. तिचा वेळ, तिच्या संघाचा वेळ, आणि तो ती स्वतःच्या हाताने माझ्यावर घालवत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, नको काढू बूट. ओठ दाबलेलेच राहिले. तिने मोजा काढला, कोणाच्या तरी बाटलीतलं पाणी तळव्यावर ओतलं. मला पालथं केलं गेलं. तोंडात मुरमाची धूळ गेली.

पहिल्यांदा पाय लागला. थंड, ओला. मी कण्हले.

कडेला माणसं गोळा झाली होती. त्यात सकाळचा शिपाई होता. त्याचा आवाज मला ऐकू आला, "आता पाहा, कशी टुणकन उठते थे."

दुसऱ्यांदा पाय लागला. सामना विसरून लोक माझ्या कंबरेकडे पाहत होते. मी आता उठले असते तर सगळं निस्तरलं असतं. पायाळूचा पाय लागला, उसण उतरली, पोरगी उभी राहिली, यात कोणाला काही नवल वाटलं नसतं. पण मिनिटभर उरलं होतं. मिनिटभरात त्यांनी आम्हाला गाडलं असतं. मी मान वळवून रेघेबाहेर पाहिलं. सरांनी तळहात जमिनीकडे करून हळूच खाली दाबला. पडून राहा.

तिसऱ्यांदा पाय लागला आणि जरा जास्त वेळ राहिला. मग उचलला गेला.

"उठ," ती म्हणाली. "मांगं पाहू नको. चालाले लाग."

मी हात टेकले. अर्धी उठले. आणि मग तोंड वाकडं करून परत पडले.

"नाही जात," मी म्हणाले. "तशीच आहे."

कोणीतरी फिस्स करून हसलं. कोणी म्हणालं, "गेला वाटते पायाळूचा पाय." शिपाई आपली कंबर चाचपून पाहत होता, जणू सकाळी गेलेलं दुखणं परत आलं की काय. बाक आला, मला बाकावर घातलं, आणि बाक रेघेबाहेर जातो न जातो तोच शेवटची शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो. आमच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मला बाकावर निजून राहावं लागलं, कारण लगेच उठले असते तर सोंग उघडं पडलं असतं.

थोड्या वेळाने ती आली. एका पायात बूट, दुसरा हातात.

"थोडंही नाही वाटलं का?"

हो म्हणावं, तर मग शिट्टी वाजेपर्यंत पडून का राहिलीस, हा प्रश्न आलाच. त्यांचे सर पंचांशी वाद घालतच होते. मी म्हणाले, "नाही."

ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही, मला तो फार वाटला. मग म्हणाली, "बरं. जप मंग." आणि तिथेच मातीत बसून मोजा घालायला लागली. जाताना तिने तळवा उलटा करून पाहिला, असं मला दिसलं. काटा पाहत असेल. पण मी तो अर्थ घेतला नाही. मी घेतला तो अर्थ असा, की तिचा पायावरचा विश्वास मी मोडला.

विभागाला नागपुरात आम्ही पहिल्याच सामन्यात सपाटून हरलो. खेळाचे गुण मिळालेच नाहीत. गणितात मी नापास झाले आणि जुलैत पुन्हा बसून सुटले. म्हणजे हाती धुपाटणं.

आता मी लाखनीतच एका शाळेत खेळ शिकवते, सरांसारखीच तासिकांवर. माझ्या पोरींना मी पडायला शिकवत नाही, पण त्याचं मला कौतुक नको. मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेतल्या एका मॅडमची कंबर धरली. त्या पवनीकडच्या. शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर तिरप्या बसून म्हणाल्या, "पहिले आमच्या कोंढ्याले एक पोरगी होती पायाळू. लांबून लोक येत. आता नाही लावत थे."

"काहून?" मी विचारलं.

"भंडाऱ्याले का खेळाले गेली होती म्हणे. तेथं कोण्या पोरीले पाय लावला अन् गुणच नाही आला. तवापासून पायातला गुण उतरला म्हनतेत."

मी वहीत तोंड घातलं. तास झाला की वर्गावर गेले, पोरींना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि स्वतः सावलीत उभी राहिले. पुढचे आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आई म्हणाली, "का झालं?" मी म्हणाले, "पित्त."

रविवारी मी कारध्याला उतरून पवनीची बस धरली. कोंढ्याला तिचं घर शोधावं लागलं नाही. पायाळूचं घर म्हटल्यावर पानठेल्यावरच्या माणसाने हात केला, आणि वर सांगितलं, "पण थे आता लावत नाही बरं."

ती अंगणात सुपाने लाखोळीची डाळ पाखडत होती. खांदे तसेच रुंद. मला पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "लाखनीची ना तू?"

चहा झाला. तिची आई शेजारी गेली तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं. मला काही झालं नव्हतं. सरांनी सांगितलं म्हणून पडले. तुझा पाय खोटा नव्हता, माझं दुखणं खोटं होतं. लोकांना तसं सांग, हवं तर मी सांगते, पानठेल्यावर उभी राहून सांगते. बोलता बोलता मला रडू आलं आणि या वेळी ओठ दाबूनही थांबेना.

तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "हे सांगाले लाखनीवरून आली का तू?"

"हो."

"मले तवाच समजलं होतं. पहिल्या पायातच. दुखत्या माणसाचं अंग पायाखाली आखडते. तुहं अंग सैल होतं, निजल्यासारखं."

"मग तीनदा का लावला? आणि ओरडली का नाहीस?"

"वाटलं, दुसऱ्या पायाले उठन. नाही त तिसऱ्याले उठन." ती सुपातल्या लाखोळीतून खडा वेचून बाजूला टाकत होती. "उठाची जागा ठेवली होती तुले."

कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "म्हणजे तुझा पाय उतरला नाही, हे तुला माहीत होतं. मग लावायचं कायले सोडलं?"

तिने सूप मांडीवर घेतलं, दोनदा पाखडलं.

"पहिले मी पाय ठेवो अन् डोळे मिटो," ती म्हणाली. "कोन आला, किती दुखते, काहीच नाही पाहो. तुह्या नंतर जो कोनी आला, त्याचं अंग मी पायानं तपासाले लागली. याचं खरं का खोटं. हा आखडते का नाही. म्हाताऱ्या माणसांयलेही नाही सोडलं. एक दिवस माह्या बापाले पाय लावला, त त्याचंही तपासलं. कामाले कंटाळून पडला असन का, असं मनात आलं माह्या." तिने सूप खाली ठेवलं. "असा पाय कोनाले लावाचा? तो त पंचाचा पाय झाला."

मी माफी मागायला आले होते, पण ज्याची माफी मागायची ती चूक मला वाटत होती त्यापेक्षा भलतीच निघाली होती. ती काही मला भरून देता येण्यासारखी नव्हती.

तेवढ्यात फाटकाशी एक म्हातारा आला. धोतर गुडघ्यापर्यंत, एक हात कंबरेवर, दुसऱ्या हाताने फाटकाचा बांबू धरलेला.

"पोरी, लाव ना वं आजच्या दिवस. पाय टाकवत नाही."

"नाही लावत ना बाबा आता," ती उठून म्हणाली. "दवाखान्यात दाखवा. मी आणून देऊ का गोळी?"

"गोळीनं का होते?" म्हातारा म्हणाला. मग वळला आणि कंबरेवर हात ठेवून रस्त्याने जायला लागला.

ती फाटकात उभी राहून त्याला जाताना पाहत होती. कोणत्या पायावर भार देतो, कंबर खरंच वाकलेली आहे का, वळणावर गेल्यावर हात खाली येतो का. मला ते कळलं, कारण मीही तिच्या मागे उभी राहून तेच पाहत होते.